मुठीवरची चीर

‘छत्रीच्या मुठीला आतल्या अंगाने चीर आहे. फोटो काढताना तुम्ही ती बाजू भिंतीकडे केली आहे.’

भर दुपारी, मी ताटावर बसलेली असताना हा निरोप संगणकावर आला. तोंडातला घास तसाच ठेवून मी मागे वळून बघितलं. छत्री कपाटाला टेकवून ठेवली होती आणि चिरेची बाजू अजूनही भिंतीकडेच होती.

ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी नाशकात, पंचवटीत, घराच्या मागच्या खोलीतून जुन्या वस्तू विकत असे. दुकान नाही, पाटी नाही. वस्तूचा फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या आणि इंटरनेटवरच्या लिलावात टाकायचं. सात दिवस बोली चालायची. सातव्या दिवशी संध्याकाळी पाचला ज्याची बोली वर, त्याची वस्तू. सगळी कला फोटोत होती. पोचा आलेला तांब्या पोचा मागे करून ठेवायचा, डाग पडलेल्या टेबलावर छानसा टेबलक्लॉथ टाकायचा, आणि खाली लिहायचं, ‘वापरलेली वस्तू आहे, फोटोप्रमाणे.’ झालं, आपण हात वर करायला मोकळे. मी खोटं बोलत नसे. खरं सांगत नसे, एवढंच. ह्या दोहोंत फरक आहे असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

माल यायचा मुकुंदगुरुजींकडून. गुरुजी गोदेकाठी दिवसकार्यं करायचे. माणूस गेला की त्याच्या नावाने शय्यादान देतात. खाट, गादी, उशी, छत्री, चपला, पाण्याचा तांब्या, आणि शिवाय गेलेल्याच्या आवडीचं काहीबाही. ब्राह्मणाने ते वापरलं की गेलेल्याला पोचतं, अशी समजूत. आता एका गुरुजीने किती खाटांवर झोपावं? “घरात अकरा खाटा झाल्या, रोहिणीताई,” ते एकदा मला म्हणाले होते, “आणि पाठ मला एकच.” त्या दिवसापासून आमचं जमलं. दोघांत एकच नियम होता. वस्तू कुणाची ते मी विचारायचं नाही, कुठे गेली ते त्यांनी विचारायचं नाही.

गिऱ्हाइकांनी विचारलं की माझं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘मालक परदेशी स्थायिक झाल्याने विक्री.’ कुठला परदेश, ते मी लिहीत नसे.

तर त्या छत्रीचा निरोप. पाठवणाऱ्याचं खातं ‘ए. पेंटर, मनमाड’ ह्या नावाचं होतं. मी विचारलं, ‘कशावरून म्हणता?’ उत्तर आलं नाही. आली ती बोली. चीर आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने सगळ्यांच्या वर बोली लावून छत्री घेतली. मी ती पार्सलने पाठवून दिली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात मी त्याच घरातून आलेलं गजराचं घड्याळ लावलं. फोटोत ते झकास दिसत होतं. तासाभरात निरोप आला.

‘हे घड्याळ पालथं ठेवलं तरच चालतं. उभं ठेवलं की पावणेपाचला अडकतं.’

मी घड्याळाला चावी दिली, ते टेबलावर उभं केलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. बाहेर शेजारीण पापड वाळत घालत होती, लख्ख ऊन पडलं होतं, भिण्यासारखं काही नव्हतं. काटा पावणेपाचवर आला आणि थांबला. मी ते उचलून पालथं ठेवलं. टिकटिक सुरू झाली.

मग खाट. खाट मी खोलीच्या मधोमध ठेवून, वर स्वच्छ चादर घालून फोटो काढला होता.

‘खाटेचा पायथ्याकडचा डावा पाय बोटभर आखूड आहे. खाली घडी केलेला पुठ्ठा लागतो. पुठ्ठा सोबत देणार ना?’

खाट आली तेव्हा तिच्या एका पायाला सुतळीने पुठ्ठ्याची घडी बांधलेली होती. गचाळ दिसते म्हणून मी ती कचऱ्यात टाकली होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय त्यात?

मी लिहिलं, ‘तुम्ही कोण?’

घड्याळ, खाट, मागून लावलेला तांब्या आणि चपला, सगळं त्यानेच बोली लावून घेतलं, आणि ते पोचून महिना उलटल्यावर उत्तर आलं. ‘छत्री, घड्याळ, खाट, तांब्या, चपला. हे सगळं एकाच घरचं का?’

‘हो,’ मी लिहिलं, आणि बोटांना सवयच होती म्हणून पुढे लिहिलं, ‘मालक परदेशी गेले.’

‘परदेशी. बरं.’

मग पुन्हा एक ओळ आली.

‘कोणत्या तिथीला गेले?’

परदेशी जाणाऱ्याची तिथी कुणी विचारत नाही. मी संगणक बंद केला, पण तेवढ्याने भागेना. पदर खोचला आणि नियम मोडायला गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजी सुपारी कातरत ओट्यावर बसले होते. मी विचारलं तसा अडकित्ता थांबला.

“ती खाट पुराणिकांची,” ते म्हणाले. “अच्युत पुराणिक. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. एक दिवस घरातून निघाले ते निघालेच. पत्ता नाही, पत्र नाही. बारा वर्षं वाट बघतात अशा माणसाची. मग पालाशविधी करतात.”

“म्हणजे?”

“पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करायचा. त्यालाच तो माणूस मानायचं आणि अग्नी द्यायचा. पुढे सगळे दिवस रीतसर घालायचे. बाईंनी ह्या माघात केलं सगळं. शय्यादान नव्या वस्तूंचं नको म्हणाल्या. त्यांच्याच वस्तू द्यायच्या होत्या त्यांना. चपला तेवढ्या नव्या घेतल्या.”

“आणि गुरुजी, असा माणूस परत आला तर?”

“शास्त्रात सोय आहे. तो मेलेला, तेव्हा त्याला पुन्हा जन्म द्यायचा. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “चाळीस वर्षांत मी कधी लावलं नाही. परत कोण येतंय? पण ताई, माझ्यापुढे दुसरीच अडचण आहे. त्या बाई काल आल्या होत्या. खाट बघायची म्हणतात, मी वापरतो की नाही ते बघायला. आता खाट कुठून दाखवू? खरं काय ते सांगून टाकलं त्यांना. तुमचा पत्ताही दिला. माझ्यावर रागावू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्या आल्या. कुमुद पुराणिक. पंचावन्नच्या आसपासच्या, सडसडीत, निळं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. कपाळ मोकळं होतं. पण जिथे इतकी वर्षं कुंकू होतं तिथे कातडी उजळ राहिली होती, नखाएवढा गोल डाग. मला तिकडे बघवेना आणि नजरही हलेना.

“मी भांडायला नाही आले,” त्या खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाल्या. “गुरुजींनी तरी इतक्या खाटांचं करायचं काय? मला एवढंच हवंय, की कुणीतरी त्या वापरत असावं. वापरलं तर पोचतं म्हणतात ना. बारा वर्षं रोज अंथरुणावर पडलं की माझ्या मनात यायचं, हे कुठे पडले असतील, कशावर. आता निदान खाट तरी मिळू दे त्यांना.”

“कुणीतरी घेतली आहे,” मी म्हणाले.

“त्याला सांगितलंत ना, पायथ्याचा डावा पाय आखूड आहे ते? पुठ्ठा असतो खाली. आणि घड्याळ पालथं ठेवायचं. छत्रीच्या मुठीला आतून चीर आहे, पटकन दिसत नाही. मी चिठ्ठीच लिहून द्यायला हवी होती. ऐन वेळी सुचलं नाही बघा.”

मी विचारलं, “काकू, हे सगळं आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणाला असणार? मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच.”

मला तिथे थांबता आलं असतं. एक गरीब माणूस आहे, सुखाने झोपतो त्या खाटेवर, असं म्हटलं असतं तर त्या समाधानाने उठून गेल्या असत्या. चिरेची बाजू भिंतीकडे करायची माझ्या हातांना चांगली सवय होती. पण तो कपाळावरचा डाग समोर होता आणि माझी जीभ वळेना. मी संगणक सुरू केला, पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि सगळे निरोप पहिल्यापासून दाखवले. मी काय लिहिलं होतं तेही.

त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. ‘मालक परदेशी गेले’ ह्या ओळीशी बोट थांबलं नाही. ‘कोणत्या तिथीला गेले?’ इथे थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी पाणी मागितलं.

“माणूस दिसायला कसा आहे?”

“मी पाहिलेला नाही.”

“मनमाड. एसटीने किती वेळ लागतो?”

“दोन-अडीच तास.”

“दोन-अडीच तास,” त्या म्हणाल्या, आणि पेला रिकामा झाला होता तरी तो हातातच धरून बसल्या. “उद्या याल माझ्याबरोबर?”

बसमध्ये त्या खिडकीपाशी बसून येणारं प्रत्येक गाव नीट बघत होत्या. मनमाडला उतरून विचारत विचारत गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत पाट्या रंगवायचं एक छोटं दुकान होतं. दुकान ज्यांचं होतं ते गृहस्थ पुढे बसले होते. “पेंटर मागे राहतात, जा की सरळ,” ते म्हणाले. अकराचं ऊन बोळात शिरलं होतं. दार उघडंच होतं.

मी अनेक मेलेल्या माणसांच्या वस्तू हाताळल्या होत्या, पण एकेकट्या, एकमेकींपासून तोडलेल्या. इथे त्या सगळ्या एकत्र होत्या, जागच्या जागी. खिडकीकडे डोकं करून खाट, डाव्या पायाखाली नवीन पुठ्ठ्याची घडी. उशाला तांब्या, त्यावर वाटी पालथी. फळीवर घड्याळ तोंडावर पडलेलं, टिकटिकत होतं. खिळ्याला छत्री. दाराशी त्या दानाच्या नव्या चपला, वापरून मऊ झालेल्या. सगळं माझ्याच हातून गेलेलं होतं. जिवंत माणसाच्या घरी आल्यासारखं मात्र मला वाटेना.

“अशीच होती खोली,” कुमुदताई अगदी हळू म्हणाल्या. “खिडकीसुद्धा ह्याच अंगाला.”

खिडकीखाली हातभर जागा रिकामी होती. लहानशा खोलीत बाकी सगळं दाटीने ठेवलं होतं, आणि तेवढी फरशी झाडून मोकळी सोडली होती.

“तिथे माझं शिलाई मशीन असतं,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे पाठ करून एक माणूस जमिनीवर बसला होता, पुढ्यात पत्र्याची पाटी. आवाज ऐकून तो वळला. पांढरी दाढी, बोटांना निळा रंग. तो तिच्याकडे बघत राहिला. ब्रशावरचा रंग त्याच्या धोतरावर ठिबकला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

“कुमुद,” तो म्हणाला. “एकटी छत्री दिसली असती तर समजलो असतो, अडचण असेल म्हणून विकली. खाट दिसली, चपला दिसल्या, तेव्हा कळलं. माझे दिवस घातलेस.”

आवाजात राग नव्हता. कुणीतरी निरोप सांगावा तसा तो बोलला. कुमुदताई माझ्याकडे वळल्या.

“रोहिणीताई, ह्या गृहस्थांना सांगा, छत्रीच्या मुठीला महिन्यातून एकदा खोबरेल लावायचं. कापसाच्या बोळ्याने. नाही तर चीर वाढते.”

“कुमुद, मी बोलतोय तुझ्याशी.”

“आणि तांब्याला चिंच. राखेने घासला की काळा पडतो.”

“त्या दिवशी मी बसमधून उतरलोच नाही,” तो म्हणाला. “एवढंच झालं गं. स्टँड आला आणि मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी येणारच होतो. मग तो दिवस गेला. मग येताना काय सांगायचं ते सुचेना.”

त्यांनी ते ऐकून घेतलं. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, हे मी बघितलं आहे. मग दोन्ही हात जोडून, कुणा परक्याला करावा तसा, नमस्कार केला.

“सुखाने वापरा म्हणावं,” त्या मला म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या. दान दिल्यावर मागे वळून बघायचं नसतं. बोळाच्या टोकापर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

मी त्यांच्यामागे निघणार तोच त्याने माझ्या पदराला हात लावला, लहान मूल लावतं तसा.

“बाई,” तो म्हणाला, “तिला मी दिसलो ना?”

‘हो’ म्हणायला काही लागत नव्हतं. पण त्या क्षणी माझीच खात्री नव्हती. पदराला निळं बोट लागलं होतं, त्याकडे बघत मी उभी राहिले, आणि मग उत्तर न देताच निघाले. त्याची मला अजून लाज वाटते.

परतीच्या बसमध्ये चांदवडला एक बाई पेरू घेऊन चढली, तिच्याकडून त्यांनी दोन घेतले, एक माझ्या हातात दिला.

“विधीच्या वेळी गुरुजींनी मला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “परत आले तर पुन्हा जन्म द्यायचा, पुन्हा लग्न लावायचं. मला वाटलं, चला, चांगलंच आहे. पहिल्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. बघायला आले, चहा प्यायले, तारीख ठरली. ह्या वेळी निदान विचारतील तरी.”

मी पेरूचं देठ खुडलं.

“माझा पत्ता बदललेला नाही. फोन तोच आहे.” त्यांनी पेरू पिशवीत परत ठेवला. “त्यांनी छत्री मागवली, रोहिणीताई. घड्याळ मागवलं, खाट मागवली. तिच्या पायाखालचा पुठ्ठासुद्धा मागितला. मशीनला जागा ठेवली. मला नाही बोलावलं.”

मग त्या रडल्या. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून, पार नाशिक येईपर्यंत. मी त्यांचा हात धरून बसले होते.

त्यानंतर माझं लिलावाचं लिहिणं बदललं. ‘दिवसकार्यातल्या दानातून आलेली खाट. डावा पाय आखूड.’ असं लिहायला लागल्यावर निम्मी गिऱ्हाइकं गेली. गुरुजी काही दिवस फुरंगटले, मग त्यांनी खाटा एका वसतिगृहाला द्यायला सुरुवात केली. मनमाडच्या त्या खात्यावरून पुन्हा बोली आली नाही.

सव्वा महिन्याने एक लांबट पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत छत्री होती. मूठ तेलाने तुकतुकत होती आणि चिरेत कापसाचे दोन तंतू अडकले होते.

मी तशीच मनमाडला गेले. खोलीला कुलूप होतं. दुकानाच्या मालकांनी खिडकीतून बघू दिलं. खाट, घड्याळ, तांब्या, सगळं जागच्या जागी होतं. नव्हता तो माणूस, आणि चपला. “पंधरा दिवस झाले,” ते म्हणाले. “सकाळची बस धरायची म्हणून गेले. कुठली ते बोलले नाहीत.” खिडकीखालची रिकामी जागा धुळीने भरली होती.

छत्री घेऊन मी कुमुदताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. ह्या वेळी काही भिंतीकडे केलं नाही. त्या मशीनवर बसल्या होत्या. चाक थांबलं.

“उन्हाचे छत्री न घेता गेले?” त्या म्हणाल्या.

नंतर कितीतरी वेळ त्यांनी मुठीवरून बोट फिरवलं, चीर सापडेपर्यंत. सापडली तसा हात काढून घेतला.

“दिलेलं परत घेत नसतात. तुमच्याकडेच राहू दे. तेल मात्र लावत जा.”

चार वर्षांपूर्वी कुमुदताई गेल्या. शय्यादानात मशीन द्यायचं असं त्यांनी भाचीला सांगून ठेवलं होतं, आणि तसं दिलं. मी ते लिलावात लावलं नाही. आमच्या गल्लीत एक मुलगी शिवणकाम करते, तिला नेऊन दिलं, कुणाचं होतं ते सांगून.

छत्री माझ्याकडेच आहे. दर महिन्याला मी मुठीला खोबरेल लावते. चीर होती तेवढीच आहे. छत्री जुन्याच जागी, कपाटाला टेकवून ठेवली आहे, चिरेची बाजू खोलीकडे करून.